पाठ केलेल्या चुका

मुलांच्या शिकण्यातल्या अडचणी तपासणं हे माझं काम. तपासायला आलेल्या एका मुलाच्या फाईलवर शाळेच्या समुपदेशकांनी लिहिलं होतं: ‘डिस्लेक्सियाची दाट शक्यता. अक्षरं उलटी काढतो.’ डिस्लेक्सिया म्हणजे वाचनातली अध्ययन अक्षमता. मुलगा आठवीतला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

‘अक्षरं उलटी काढतो’ हे वाचलं की माझं डोकं फिरतं. पाच-सहा वर्षांची कितीतरी मुलं अक्षरं उलटी काढतात आणि पुढे ते आपोआप सुटतं. ज्याला वाचनाची खरी अडचण आहे अशा आठवीतल्या मुलाचं मराठी वाचन उलटंपालटं नसतं, ते रखडत चालतं. आपली लिपी बरीचशी उच्चाराबरहुकूम असल्यामुळे मूल धडपडत का होईना शब्दापर्यंत पोचतं. त्याला लागणारा वेळ मात्र बघवत नाही. जोडाक्षरातलं एखादं अक्षर गळतं, रफार भलत्याच डोक्यावर बसतो, ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’. आणि इंग्रजीचा उतारा पुढे ठेवला की धीरच सुटतो. हे वर्षानुवर्षं ऐकून कानाला एक वळण लागलेलं असतं.

या मुलाचं वाचन त्या वळणात बसेना. ‘कमळ’ला तो ‘मकळ’ म्हणाला. श्रुतलेखनात ‘ग’ आरशात दिसावा तसा काढला, तोही सावकाश, विचार करून. तीन ओळींनंतर ‘प्रतिनिधित्व’ आलं आणि ते मात्र त्याने सहज वाचून टाकलं. सोपं चुकतंय, अवघड बरोबर येतंय. खरी अडचण असलेल्या मुलाच्या चुकांना उतरंड असते, शब्द अवघड होत जातो तशा त्या वाढतात. इथे चुका हव्या तिथे पेरल्यासारख्या होत्या.

मग निरर्थक शब्दांची यादी काढली. ‘ढोमरीक’, ‘स्त्रापणे’ असले कुठेही न भेटणारे शब्द. इथे पाठांतर उपयोगी पडत नाही, अंदाजही चालत नाही, त्यामुळे डिस्लेक्सिया असलेली मुलं सगळ्यात जास्त इथेच अडतात. याने यादी घडाघडा वाचली. या यादीची तयारी त्याने केली नसावी. शेवटच्या शब्दाला त्याच्या काहीतरी लक्षात आलं आणि तो एकदम चाचरला.

खात्री करायला एक साधा प्रकार केला. मी शब्द उच्चारायचा, समोर दोन पर्याय, त्यातला बरोबर लिहिलेला दाखवायचा. ज्याला काहीच येत नाही त्याचे नुसत्या अंदाजाने निम्म्याच्या आसपास बरोबर येतात. याचे चोवीसपैकी पाच आले. इतकं कमी यायला बरोबर उत्तर माहीत असावं लागतं.

म्हणजे मुलगा नाटक करत होता. परीक्षेत वाढीव वेळ आणि लेखनिक मिळावा म्हणून पढवून आणलेली मुलं पाहिली आहेत, त्यामुळे मनातल्या मनात मी आईला दोष देऊनही मोकळी झाले होते. पण चाचण्यांचा संच अर्धवट सोडायचा नाही हा माझा नियम आहे. गणित राहिलं होतं.

गणिताचा कागद पुढे केल्यावर त्याचं नाटक थांबलं. आठ अधिक सात करायला त्याचे हात टेबलाखाली गेले. पडद्यावर क्षणभर ठिपके चमकवायचे आणि किती ते विचारायचं, अशी एक चाचणी असते. तीन ठिपके आपण मोजत नाही, नुसते दिसतात. तो तीनही मोजायचा प्रयत्न करत होता. ० ते १०० अशी नुसती रेघ देऊन ७५ कुठे येतील म्हटलं, तर त्याने खूण मध्याच्या जेमतेम पुढे केली. ‘शहात्तर’ सांगितलं, लिहिले ६७. ‘एकोणसाठ’ सांगितलं, लिहिले ६९. मराठीत एकक आधी ऐकू येतो आणि ‘एकोण’मध्ये तर पुढच्या दशकाचं नाव येतं, म्हणून लहान मुलं इथे घोटाळतात. आठवीत हे दिसू नये.

शाब्दिक उदाहरण त्याने मोठ्याने, एकही शब्द न अडखळता वाचलं. वाचता येत नाही हे तो विसरला होता. भागाकार करायचा, तो का करायचा, हेही नीट सांगितलं. भागाकार मात्र जमला नाही.

“चुका कुठून शिकलास?” मी विचारलं.

“व्हिडिओ बघून.”

“आईला माहीत आहे?”

“नाही. मॅडम, गणित येत नाही म्हटलं की क्लास लावतात. वाचता येत नाही म्हटलं की तुमच्याकडे आणतात.”

यावर मला काही उत्तर देता आलं नाही. विल्यम प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी १८९६ साली ज्या मुलाची नोंद छापली, तो पर्सी चौदा वर्षांचा होता. स्वतःचं नावसुद्धा चुकीचं लिहायचा आणि गणितात मात्र बरा होता. वाचनाच्या अडचणीला निदान तेव्हापासून चेहरा आहे. गणिताच्या अडचणीची नीट व्याख्या लादिस्लाव कोश्च या स्लोव्हाक मानसशास्त्रज्ञांनी मांडली ती १९७४ साली. २०१३च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन पुस्तकात, वाचन, लेखन आणि गणित एकाच निदानाखाली शेजारी शेजारी आहेत. लोकांच्या लेखी मात्र एक आजार आहे आणि दुसरा आळस. वर्गशिक्षिकेच्या शेऱ्यात तेच होतं: ‘हुशार आहे, गणितात लक्ष देत नाही.’

हे आईला तू सांगणार की मी, असं त्याला विचारलं. त्याने स्वतः सांगितलं, माझ्यासमोर. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे वाचनाचं नाटक होतं. मग गणिताचंही नाटकच असणार ना, मॅडम?”

तर्क सरळ होता, आणि माझी वरिष्ठ सहकारीही पुढे तेच म्हणाली. एका भागात मुलाने जाणूनबुजून चुका केल्या की सगळा संच बाद, सहा महिन्यांनी नव्याने करा. पुस्तकात बसणारं मत आहे, आणि पुस्तकात बसणारं मत देणं सोपं असतं. माझं म्हणणं असं की गणितातल्या चुकांना उतरंड होती: सोपं बरोबर, पुढे चुका, मग पूर्ण बंद. प्रत्येक उत्तराला लागलेला वेळही त्याच क्रमाने वाढत गेला होता. तीन ठिपक्यांना किती क्षण थांबायचं हे तेरा वर्षांचा मुलगा व्हिडिओ बघून ठरवू शकत नाही. शिवाय जुन्या वह्या मागवून घेतल्या. दुसरीपासून तीच कहाणी, लाल शाईत.

अहवालात लिहिलं: वाचनाच्या चाचण्यांतले गुण ग्राह्य धरू नयेत, प्रत्यक्ष वाचन वयानुरूप आढळले, गणितातली विशिष्ट अध्ययन अक्षमता स्पष्ट आहे. ‘जाणूनबुजून’ हा शब्द घातला नाही. अहवाल मुलाबरोबर शाळाशाळांतून फिरतो आणि वाचणारा नेमका तेवढाच शब्द उचलतो. सहकारी याला भाबडेपणा म्हणते. आमचं यावर अजून जुळलेलं नाही, आणि कधी कधी रात्री मला तिचंही पटतं.

समुपदेशकांचा फोन आला. “वाचनाचंही थोडं टाकता आलं तर बघा ना. म्हणजे सगळ्याच विषयांना सवलत मिळेल.” ज्यांनी फाईलवर ते वाक्य लिहिलं, तेच हे. मी नाही म्हटलं. मुलाने केलेलं नाटक मी का पुढे चालवायचं? पण तो गणितासाठी म्हणून माझ्यापर्यंत कधीच पोचला नसता, हेही खरं आहे. आणखी एक क्लास लागला असता.

आता तो विशेष शिक्षिकेकडे जातो. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून स्थानिक किंमत चालू आहे. ‘हे पहिलीतलं आहे’ म्हणून चिडतो, पण जातो. मागच्या भेटीत आईने त्याच्यादेखत विचारलं, “घरी बोटांवर मोजतो, ते खरं की आम्हाला दाखवायला?”

“खरं,” मी म्हटलं, आणि ती ० ते १००ची रेघ फाईलमधून काढून पुन्हा समजावायला बसले.