आमची वाटचाल : अमळनेरची चिकट गच्ची

जळगाव एमआयडीसीत शेड घेतली तेव्हा एका बाजूला चटईचा कारखाना, दुसऱ्या बाजूला डाळमिल. "तुम्ही काय बनवता?" असं कुणी विचारलं आणि मी "अ‍ॅक्रिलिक इमल्शन" म्हटलं की समोरचा गप्प. मग सांगायचो, रंगातला गोंद. भिंतीवर रंग टिकतो तो याच्या जोरावर.

कॉलेजात ओटो र्‍योम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाबद्दल वाचलं होतं. १९०१ साली त्याने अ‍ॅक्रिलिक पॉलिमरवर, म्हणजे रेणूंच्या लांब साखळ्यांवर, प्रबंध लिहिला. त्यातून प्लेक्सिग्लास, म्हणजे काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक, बाजारात यायला १९३३ उजाडलं. मधल्या काळात त्याची कंपनी तगली ती कातडं कमावायच्या एन्झाइमवर. आमची चूल पेटती ठेवली सुतारांच्या पांढऱ्या गोंदाने.

मग गच्चीसाठी वॉटरप्रूफ रंगाचं इमल्शन केलं. पहिलं काम अमळनेरला, ऐन मे महिन्यात. आठवड्याने त्या घरच्या मावशींचा फोन : "भाऊ, तुना रंगनी मनी साडी धरी ठेवी!" बिबड्या (ज्वारीचे पापड) वाळत घालायला त्यांनी जुनं लुगडं अंथरलं होतं, ते गच्चीला चिकटलं. जाऊन बघतो तर रंगात लुगड्याची वीण उमटलेली आणि चपलांचे ठसे वेगळेच. पैसे परत केले. लुगड्याचे मात्र मावशींनी घेतले नाहीत.

चूक माझीच. ब्यूटाइल अ‍ॅक्रिलेट या कच्च्या मालाने फिल्म, म्हणजे रंगाचा वाळलेला थर, रबरासारखी ताणते, स्लॅबच्या बारीक भेगा झाकते. पण त्याचं नुसतं पॉलिमर उणे ५४ अंशांपासूनच मऊ असतं. मिथाइल मेथाक्रिलेट या दुसऱ्या कच्च्या मालाचं १०५ अंशांपर्यंत कडक राहतं. मी ताणाच्या नादात पहिलं जास्त घातलं होतं. दुसरं वाढवलं, तर डिसेंबरात धुळ्याच्या गारठ्यात फिल्म धरेचना, भुगा झाला. सहा-सात बॅच नाल्यात गेल्या म्हटलं तर खोटं. नाल्यात सोडता येत नाहीत, ड्रममध्ये साठवून पैसे देऊन न्यायला लावाव्या लागतात!

शेवटी मिश्रण मऊच ठेवलं आणि इमल्शनमध्ये थोडं बेन्झोफेनोन घातलं. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पृष्ठभागावरच्या साखळ्या एकमेकींना बांधतं. वरची साय घट्ट, आतलं अंग लवचिक. आपल्याकडे ऊन फुकट आणि ढीगभर.

मावशींची गच्ची पुन्हा रंगवून दिली. पाण्याच्या टाकीखाली ऊन पोचत नाही, तिथे धूळ अजून चिकटते. बिबड्या त्या तिथे घालत नाहीत.