मान्यतेची किंमत

नाशिक, ६ डिसेंबर

१९७१ साली आजच्याच तारखेला भारताने बांगलादेशाला मान्यता दिल्याचे इंदिरा गांधींनी संसदेत जाहीर केले. भूताननेही त्याच दिवशी मान्यता दिली. तेथील हंगामी सरकारने १७ एप्रिललाच मुजीबनगर येथे शपथ घेतली होती, त्याचे पंतप्रधान ताजुद्दीन अहमद मान्यतेसाठी विनंत्या करीत होते आणि आपल्याकडे जयप्रकाश नारायण त्यासाठी उघड आग्रह धरीत होते. तरीही दिल्लीने जवळजवळ आठ महिने निर्णय लांबणीवर टाकला. याला कचखाऊपणा म्हणणे मला पटत नाही. १९३३ च्या माँटेव्हिडिओ करारानुसार राज्याला कायमची लोकसंख्या, निश्चित भूभाग, सरकार आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता लागते, आणि ढाका पाकिस्तानी सैन्याच्या ताब्यात असताना घाई केली असती, तर शेजाऱ्याच्या घरात ढवळाढवळ केल्याचा ठपका आपल्यावर आला असता. ३ डिसेंबरला पाकिस्तानने आपल्या हवाई तळांवर हल्ले केले, आणि शांततेच्या तोडग्याच्या आड येऊ नये म्हणून बाळगलेल्या संकोचाला काही अर्थच उरला नाही.

या आठ महिन्यांचा भार मात्र माणसांनी सोसला. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. एका परिचित गृहस्थांनी आज त्यांच्या संग्रहातले त्या काळचे तिकीट मला भिंगाखाली दाखवले. तिकीट कुटुंबनियोजनाचे, अवघ्या पाच पैशांचे, आणि त्यावर मागाहून छापलेली अक्षरे होती, ‘शरणार्थी सहायता’. नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर हा जादा आकार द्यावा लागत असे. देशाची टपाल तिकिटे आपल्या नाशिकरोडला छापली जातात, त्यामुळे हा इतिहास मला फार जवळचा वाटतो.

मान्यता दिल्यावरही काम संपले नव्हते. पाकिस्तानने भारताशी राजनैतिक संबंध तोडले, १९७२ मध्ये चीनने नकाराधिकार वापरून बांगलादेशाचा संयुक्त राष्ट्रांतील प्रवेश अडवला, आणि तो देश सदस्य झाला १७ सप्टेंबर १९७४ रोजी, म्हणजे त्याच वर्षी फेब्रुवारीत खुद्द पाकिस्तानने त्याला मान्यता दिल्यानंतर. भारताने हे सारे पदरचे खर्चून निभावले, म्हणून त्या मान्यतेला वजन होते.

सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स यांनी पॅलेस्टाईनला मान्यता दिली, तेव्हा मी हेच वजन शोधत होतो. भारताने ती १९८८ मध्येच दिली होती. ज्या ब्रिटनने १९४८ पर्यंत त्या भूमीवर राज्य केले, त्याला ७७ वर्षे लागली. ती मान्यता मी पोकळ मानत नाही, कारण पुढच्या वाटाघाटींत पॅलेस्टाईनचा दावा तिने नक्कीच बळकट होईल. परंतु घोषणा झाल्या त्या दिवसांतही गाझात माणसे मरतच होती, आणि ते थांबवण्यासाठी या देशांनी स्वतः किती तोशीस सोसायची ठरवले आहे, हे त्यांच्या घोषणांतून मला कळले नाही.