बेंगळुरू-बेळगाव: सव्वा तासाचं विमान, साडेनऊ तासांचा प्रवास

पावसाळ्यात संध्याकाळचं बेंगळुरू-सांबरा (म्हणजे बेळगावचा विमानतळ) विमान घेऊ नका. सकाळचं मिळत असेल तर घ्या, नाहीतर सरळ रेल्वे धरा. मी रागात आहे आणि हे रागातच लिहितोय, पण जे लिहितोय ते त्या रात्री घड्याळ बघून टिपून ठेवलेलं आहे.

बेळगावच्या उद्यमबागेत आमची छोटी फौंड्री आहे, मोठं गिऱ्हाईक बेंगळुरूला पीन्यात. वर्षाला वीस-बावीस वेळा तरी हा प्रवास होतो. सांबऱ्याची जुनी इमारत मी वापरली आहे, २०१७ साली नवं टर्मिनल झालं तेव्हाही गेलोय. विमानं सुरू झाली, बंद पडली, पुन्हा सुरू झाली, आणि प्रत्येक वेळी आम्ही बेळगावकरांनी ती भरून दाखवली. त्यामुळे विमान कंपनीकडून मला काय हवंय हे सांगायचा हक्क मला आहे असं मी समजतो.

जाताना सोमवारी सकाळी विमान वेळेवर सुटलं, वेळेवर पोचलं. दोन दिवस कामं झाली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

बुधवार, श्रावणातला. सुटायची वेळ ५ वाजून १० मिनिटं. साडेतीनला मी देवनहळ्ळीला, बेंगळुरूच्या विमानतळावर, पोचलो, बॅग काउंटरवर दिली. बॅगेत दोन व्हॉल्व्ह हाउसिंगचे (व्हॉल्व्हच्या बाहेरच्या ओतीव कवचाचे) नमुने होते, गिऱ्हाइकानं खुणा करून परत दिलेले. गोणपाटात गुंडाळून सुतळीनं बांधले होते. चेक-इन सामान १५ किलोपर्यंत चालतं, माझं १३ भरलं.

पावणेपाचला पहिला मेसेज आला: विमान ५.४० ला सुटेल. मग ६.२०. मग ७.००. मग ७.४५. शेवटी चाकं उचलली ती ८ वाजून २५ मिनिटांनी. म्हणजे सव्वातीन तासांचा उशीर, पण तो आम्हाला एकदाही एकदम सांगितला नाही. थोडा थोडा करून, चार वेळा दिला.

माझी मुख्य तक्रार हीच आहे. उशीर होतो, त्याबद्दल मी भांडत नाही. पण ५.४० चा मेसेज आला तेव्हा मी फोनवर फ्लाइटरडार२४ (कुठलं विमान कुठे आहे ते दाखवणारं ॲप) उघडून बघितलं, तर जे विमान आम्हाला नेणार होतं ते दुसऱ्याच शहरात जमिनीवर उभं होतं. तिथून ते सुटायचं, बेंगळुरूला यायचं, माणसं उतरायची, साफसफाई व्हायची, इंधन भरायचं. ५.४० ला आम्ही निघणं शक्यच नव्हतं. हे मला गेटवर बसून दिसत होतं, तर कंपनीला दिसत नसेल का?

पावणेपाचलाच "आठनंतर सुटेल" असं सांगितलं असतं तर मी बॅग परत घेऊन वायुवज्र, म्हणजे विमानतळाची शहर बस, धरली असती. मॅजेस्टिकला, मुख्य रेल्वे स्टेशनला, जायला दीड तास लागतो. रात्रीची बेळगावची रेल्वे आरामात मिळाली असती, झोपून सकाळी घरी. सात वाजता ७.४५ ची वेळ कळली तोवर तो रस्ता जवळपास बंद झालेला होता. खरी वेळ दडवली की आमच्यासारख्या लहान गावच्या प्रवाशाचे पर्याय एकेक करून संपतात. दिल्ली-मुंबईच्या माणसाला तासाभरात दुसरं विमान असतं. आम्हाला त्या रात्री दुसरं विमान नसतं.

नियम काय म्हणतो तेही माहीत असू द्या. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला तर डीजीसीएच्या (सरकारच्या विमान वाहतूक नियामकाच्या) नियमाप्रमाणे खायला-प्यायला द्यावं लागतं. आम्हाला ते मागितल्यावर मिळालं, साडेसातला, एक उपम्याचा कप आणि ज्यूसचा डबा. न मागता कोणालाही दिलं नाही. दुसऱ्या विमानाचा किंवा पूर्ण पैसे परत घ्यायचा पर्याय मात्र उशीर सहा तासांच्या वर गेला तरच मिळतो. सव्वा तासाच्या उड्डाणाला सहा तास! तेवढ्या वेळात बेंगळुरूहून कारनं निघालेला माणूस हावेरी ओलांडतो. लहान अंतराच्या विमानांसाठी ही मर्यादा दोन-तीन तासांवर आणली पाहिजे, आणि नियम बदलायची वाट न बघता कंपन्यांनी ते आपणहून केलं पाहिजे. रद्द झालेल्या विमानाचं वेगळं आहे. २४ तासांच्या आत सांगून रद्द केलं तर तासाभराच्या उड्डाणाला ५,००० आणि एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपयांपर्यंत भरपाई असते. पण मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून त्याहून कमी असेल तर तेवढीच, आणि हवामानामुळे रद्द झालं तर तीही नाही.

सांबऱ्यावर आलो तेव्हा खाली काही दिसत नव्हतं. दोन फेऱ्या मारल्या, मग कॅप्टननं हुबळीला वळवत असल्याचं सांगितलं. पाऊस कंपनीच्या हातात नाही, आणि उतरायचा आग्रह न धरणाऱ्या कॅप्टनचे मी आभारच मानतो. घोषणा इंग्रजीत झाली, हिंदीत झाली, मागून कन्नडमध्ये झाली. माझ्या शेजारी नंदगडच्या एक आजी होत्या, मुलीकडून परत येत होत्या, एकट्याच. यातली एकही भाषा त्यांना नीट येत नव्हती. चाकं टेकली तशी त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि मला विचारलं, "सांबरं आलं न्हवं?"

मी म्हटलं, "नाही आजी, हुबळीला उतरलोय. पावसानं तिकडं उतरता आलं नाही."

"मग नातू तिकडं वाट बघुलालाय की."

नातवाला मी फोन लावला. तो आठपासून सांबऱ्याला जीप घेऊन उभा होता. विमान हुबळीला गेलं हे त्याला माझ्याकडून कळलं, कंपनीच्या कोणाकडूनही नाही. बेळगावच्या विमानात मराठीत एक घोषणा करायला काय लागतं? खानापूर, निपाणी, चंदगडकडची माणसं या विमानात रोज असतात. वळवलेल्या विमानाची बातमी तरी प्रत्येकाला समजेल अशा भाषेत मिळायला हवी.

१० वाजून १० मिनिटांनी हुबळीत उतरलो. आणि इथून पुढचे चार तास मी विसरणार नाही.

टर्मिनलमध्ये कंपनीची दोन पोरं होती. "बस येतेय" म्हणाली. कुठून? बेळगावहून! म्हणजे आम्ही उतरल्यावर बेळगावात बस शोधली, ती शंभर किलोमीटर रिकामी येणार, मग आम्हाला घेऊन शंभर किलोमीटर परत जाणार. हुबळी हे बस मिळत नाही असं गाव नव्हे. पावसाळ्यात सांबऱ्याची विमानं हुबळीला वळतात ही नवीन गोष्ट नाही. तिथल्या एखाद्या ट्रॅव्हल्सशी चार महिन्यांचा करार करून ठेवला तर विमान टेकायच्या आत बस दारात उभी राहील. बस आली ११.५० ला.

दरम्यान बॅगांचा पट्टा सुरू झाला आणि थांबला. माझी बॅग नव्हती. अजून पाच जणांच्या नव्हत्या. या मार्गावर बहुतेक वेळा एटीआर ७२ असतं, पंख्याचं विमान. हवामान खराब असलं की फेऱ्या मारायला आणि दुसरीकडे जायला जास्तीचं इंधन घ्यावं लागतं, एकूण वजनाची मर्यादा मात्र तीच राहते. मग सामान उतरवतात. हे मला पटतं. पण दार बंद व्हायच्या आधी कॅप्टनच्या हातात लोडशीट, म्हणजे विमानातल्या वजनाचा हिशेब, गेलेली असते, प्रत्येक टॅगचा बारकोड वाचलेला असतो. कोणाची बॅग बेंगळुरूला राहिली हे त्यांना ८ वाजताच माहीत होतं. एक मेसेज पाठवला असता तर पट्ट्यासमोर अर्धा तास उभं राहायची वेळ आली नसती, आणि मी तेव्हाच टॅक्सीनं निघून गेलो असतो.

टॅक्सीचं सांगतो. बाहेर बेळगावसाठी ४,५०० मागत होते. चौघांनी मिळून एक केली, माणशी अकराशेच्या आसपास, आणि ते साडेबाराला घरी होते. तुमच्यावर ही वेळ आली तर हेच करा. बसची वाट बघू नका. निघताना कंपनीच्या माणसाचं नाव आणि वेळ लिहून घ्या, टॅक्सीचं बिल घ्या, नंतर मागता येतं. बॅग आली नसेल तर तिथल्या तिथे पीआयआर लिहून घ्या, म्हणजे सामान न मिळाल्याची कंपनीची नोंद, नंबरासकट. मला "बेळगावात करा" सांगितलं आणि मी ऐकलं. ऐकायला नको होतं.

हुबळी-धारवाड बायपासचा पट्टा रात्री, पावसात, बसनं जाणं हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. अरुंद रस्ता, रुंदीकरणाचं काम, समोरून ट्रकांचे दिवे थेट डोळ्यात. धारवाडनंतर रस्ता सुधारतो. कित्तूर गेलं, हिरेबागेवाडीचा टोल गेला, हलग्याचं सुवर्ण विधानसौध मागे पडलं. शहराचे दिवे दिसायला लागले. बसमध्ये निम्म्याहून जास्त माणसं शहरातली. ड्रायव्हरला म्हटलं, इथं उतरव, घरं दहा मिनिटांवर आहेत. तो म्हणाला, ऑर्डर सांबऱ्याची आहे, मधे कोणाला उतरवलं तर त्याचे पैसे कापतील. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. कागदावर "विमानतळ ते विमानतळ" लिहिणाऱ्यानं बेळगाव कधी बघितलेलं नाही. मग शहर सोडून दहा किलोमीटर पुढे सांबऱ्याला गेलो, रात्री दोन वाजता.

टर्मिनलला कुलूप. आजींचा नातू जीपमध्ये काच वर करून झोपला होता, टपावर पाऊस वाजत होता. दोन रिक्षा उभ्या होत्या, टिळकवाडीला ९०० रुपये मागितले. एरवी मी त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात जातो. नातवानं आम्हा तिघांना जीपमध्ये घेतलं आणि वाट वाकडी करून सोडलं, पैसे घेतले नाहीत. दिवसा सांबऱ्याला उतरणाऱ्यांनी टर्मिनलसमोरच्या रिक्षाला पहिला भाव देऊ नये. बागलकोट रस्त्यावर या, शहराकडे बस मिळते, वडापही (माणशी भाड्याची गाडी) मिळतं.

घरी पावणेतीनला.

आता वारंवार जाणाऱ्यांसाठी. तिकीट काढताना आणि वेब चेक-इनला सगळ्या सीटांवर किंमत दिसते आणि पैसे दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही असं वाटतं. सीटचं शुल्क ऐच्छिक आहे, डीजीसीएचा नियम तसाच आहे. खाली बारीक अक्षरात "वगळा" असतं ते दाबा. तिकीट स्वतः रद्द केलंत तर विमानतळाचं शुल्क आणि कर परत मिळतात, "नॉन-रिफंडेबल" तिकिटावरसुद्धा. ते मागून घ्या. एटीआरमध्ये वरचे कप्पे लहान असतात, चाकांची टणक बॅग दारात काढून घेतात. मऊ पिशवी न्या. औषधं, चार्जर, एक कपड्यांचा जोड हातातल्या सात किलोत ठेवा, चेक-इनला कधीच नको. आणि कंपनीच्या मेसेजवर विसंबू नका, तुमचं विमान आधी कुठे आहे ते स्वतः बघा. ते बेंगळुरूला पोचलेलं नसेल तर ते पोचायच्या वेळेत किमान अर्धा तास मिळवा आणि त्याप्रमाणे ठरवा.

कंपन्या पॉइंट देतात, माझ्याकडे बरेच साठलेत. सगळे परत घ्या आणि त्या बदल्यात पावणेपाचला खरी वेळ सांगा, मला चालेल.

बॅग शुक्रवारी संध्याकाळी घरी आली. गोणपाट ओलं, सुतळी कापलेली, एका हाउसिंगच्या फ्लँजची, म्हणजे जोडायच्या चकतीची, कड उडालेली. देशांतर्गत प्रवासात सामान हरवलं, खराब झालं तर भरपाई जास्तीत जास्त २०,००० रुपये, असं सरकारच्या २०१९ च्या प्रवासी सनदेत आहे. पण सांबऱ्यावर गुरुवारी गेलो तेव्हा पहिला प्रश्न हाच आला की हुबळीत नोंद का केली नाही. एअरसेवावर, सरकारच्या विमान प्रवाशांसाठीच्या तक्रार पोर्टलवर, तक्रार टाकली आहे, फोटो जोडले आहेत, बोर्डिंग पास आणि बॅगेचा टॅग दोन्ही जपून ठेवले होते म्हणून जमलं.

पुढच्या सोमवारी पुन्हा पीन्याला जायचंय. जाताना सकाळचं विमान. येताना वंदे भारत, ऑगस्ट २०२५ पासून बेंगळुरूहून दुपारी सुटते आणि रात्री अकराच्या आत बेळगावला सोडते. नवीन नमुने मी आजच पार्सलनं पाठवले.