दूध वर्ज्य असलेल्या मुलाची वाटी

माझा मुलगा आठ महिन्यांचा असताना त्याला पहिल्यांदा दहीभाताचे दोन घास भरवले आणि अर्ध्या तासाच्या आत त्याच्या तोंडाभोवती, मग पोटावर लाल गांधी उठल्या व दोनदा उलटी झाली. तपासण्यांनंतर ही गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असल्याचे निश्चित झाले. अंगावरचे दूध चालू असल्यामुळे वर्षाचा होईपर्यंत आमचे निभावले. ज्यांना ते शक्य नसते त्यांना डॉक्टर विशेष प्रक्रिया केलेली पावडर देतात, कारण वर्षाच्या आतील बाळाचा मुख्य आहार म्हणून सोया, बदाम वा नारळाचे दूध चालत नाही.

"अगं, शेळीचं दूध देऊन बघ, हलकं असतं ते," असे सासूबाई मायेने म्हणाल्या. परंतु शेळी व म्हैस यांच्या दुधातील प्रथिने गाईच्या दुधातील प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की बहुतेक मुलांना त्यांचाही त्रास होतो. 'ए टू' या नावाने विकल्या जाणाऱ्या गाईच्या दुधाचेही तेच. दूध न पचणे म्हणजे त्यातील लॅक्टोज ही साखर न पचणे. आमची अडचण प्रथिनांची होती, त्यामुळे लॅक्टोजविरहित दूधही आमच्या उपयोगाचे नव्हते.

मग मी दुधासारखे दिसणारे काहीतरी शोधू लागले, आणि त्यात बरेच महिने वाया गेले. बदामाच्या दुधाचे डबे आणले, पण गाईच्या 100 मिलिलिटर दुधात सुमारे 3 ग्रॅम प्रथिने असतात, तर त्या डब्यावर जेमतेम अर्धा ग्रॅम लिहिलेले होते. नारळाच्या दुधात स्निग्धांश भरपूर, प्रथिने व कॅल्शियम मात्र नावापुरते. तांदळाच्या दुधात आर्सेनिक असू शकते म्हणून ब्रिटनमध्ये ते पाच वर्षांखालील मुलांना देऊ नये असे सांगितले जाते. दुधातून त्याला काय काय मिळाले असते हे आहारतज्ज्ञांनी एका कागदावर लिहून दिले, तेव्हा कुठे मार्ग दिसला.

प्रथिनांसाठी सोयाबीन त्याला सोसले. रात्रभर भिजवून, वाटून, गाळून ते दूध मी चांगले वीस मिनिटे उकळते, कारण कच्च्या सोयाबीनमधील काही घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात. मात्र घरच्या सोया दुधात कॅल्शियम फारसे नसते. ते वरून मिसळलेला डबा घेणे म्हणूनच सोयीचे ठरते. नाचणीत 100 ग्रॅममागे साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून मोड आणून, सुकवून दळलेल्या पिठाची खीर रोज होते. गाळलेल्या सत्त्वापेक्षा मी पीठच पसंत करते, कारण चोथ्याबरोबर कॅल्शियमही जाते. कॅल्शियमसाठी तीळही देतो, पण तिळाचीही ॲलर्जी असू शकते, त्यामुळे ते आम्ही चिमूटभरापासून, डॉक्टरांना विचारूनच सुरू केले. आमचे घर शाकाहारी आहे आणि अशा घरात बी 12 जीवनसत्त्वाचा जवळजवळ सगळा भार दुधावरच असतो. ही गोष्ट माझ्या ध्यानीमनीही नव्हती. त्याचे थेंब आता नियमित दिले जातात, आणि माझ्या मते शाकाहारी पालकांनी डॉक्टरांना सर्वांत आधी हेच विचारावे.

घरात वरणभातावरचे तूपही बंद आहे, कारण कढवलेल्या तुपातही प्रथिनांचा अंश राहू शकतो. त्याच्या भातावर शेंगदाण्याचे तेल येते. बिस्किटे, ब्रेड, नानकटाई यांच्या वेष्टनावर 'मिल्क सॉलिड्स', 'व्हे', 'केसिनेट' ही दुधाच्या घटकांची नावे शोधल्याशिवाय मी काही विकत घेत नाही.

सर्वांत अवघड असतो तो पूजेचा दिवस. पंचामृताची पळी कोणीही प्रेमाने पुढे करतो आणि नको म्हटले की वाईट वाटून घेतो. गेल्या सत्यनारायणाला सासूबाईंनी स्वतःच गूळखोबऱ्याच्या वड्या करून वेगळ्या डब्यात ठेवल्या आणि देवापुढे आधी तोच डबा ठेवला. मुलगा आता अडीच वर्षांचा आहे. पुष्कळ मुलांची ही ॲलर्जी वाढत्या वयाबरोबर जाते, म्हणून तिसऱ्या वर्षानंतर भाजलेल्या पदार्थातून थोडे दूध देऊन पाहायचे ठरले आहे, तेही रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तोवर तो डबा फळीवर त्याच्या नावाने राहील.