आमची वाटचाल : तोळाभर शिसं

पेनसिल्व्हेनियात नाताळ उलटला की चकमकीच्या बंदुकांचा हंगाम लागतो. 1974 साली राज्याने तो सुरू केला. बंदूक .44 इंच किंवा त्याहून मोठ्या तोंडाची, 1800 पूर्वीच्या घडणीची, ठिणगी चकमकीचीच हवी आणि दुर्बीण लावायची नाही. बर्फात, पानगळ झालेल्या रानात, पांढऱ्या शेपटीच्या हरणामागे माणसं असली बंदूक घेऊन निघतात. त्यांना लागणाऱ्या शिशाच्या गोळ्या आणि नळीत ठासताना गोळीभोवती गुंडाळायच्या कापडाच्या चकत्या आम्ही नवराबायको करतो.

लोक विचारतात, कोकणातली बाई या धंद्यात कशी? कुडाळजवळच्या आमच्या गावी आजोबांकडे शेतीरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. भातात डुकरं उतरली की ते पडवीत बसून बार भरायचे. दारू मोजायला बांबूचं एक लहानसं नळकांडं होतं. ते सापडेपर्यंत बंदुकीला हात लावायचे नाहीत, आजी कितीही ओरडो. नवरा इथे लेथवर कामाला होता. शेजारच्या म्हाताऱ्या शिकाऱ्याने एकदा त्याला गोळीचा साचा दुरुस्त करायला दिला, आणि मला ते नळकांडं आठवलं. गॅरेजमध्ये शेगडी मांडली ती तेव्हा.

अर्ध्या इंचाच्या, म्हणजे .50 च्या नळीत 0.490 इंचाची गोल गोळी जाते. शुद्ध शिशाची असेल तर तिचं वजन 177 ग्रेन भरतं, म्हणजे जवळजवळ एक तोळा. ओतताना आत हवा राहिली तर ती वरून दिसत नाही, काटाच सांगतो. म्हणून प्रत्येक गोळी मी स्वतः तोलते. 176 च्या खाली भरली की परत कढईत.

दुसऱ्या वर्षी मोठा फटका बसला. भंगारवाल्याकडून शुद्ध म्हणून घेतलेल्या शिशात दुसरा धातू मिसळलेला होता. गोळ्या कडक झाल्या, नळीत ठासता ठासता गिऱ्हाइकांच्या लाकडी गजांचे तुकडे पडले. गोळ्या हलक्याही भरत होत्या. काट्यावर मला ते दिसलं होतं, पण ऑर्डरी तुंबल्या होत्या म्हणून मी तशाच पाठवल्या. ती चूक माझी. सगळे पैसे परत केले, गजांचेही. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक लगडीवर आधी नख ओढून बघते. चरा उठला तरच पुढे.

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला: हरणासाठी दारू किती घालू? बहुतेकांच्या मनात शंभर ग्रेन असतात, कारण नव्या धर्तीच्या ठासणीच्या बंदुकांच्या जाहिराती तसं सांगतात. त्या बंदुकांच्या नळीत आतून कोरलेल्या आट्यांचा पीळ घट्ट असतो, साधारण 28 इंचांत एक फेरा. त्यात प्लास्टिकच्या टोपणातली लांबट गोळी चालते. गोल गोळीला संथ पीळ लागतो, 60 ते 66 इंचांत एक. दारूचा आकडा तिकडून उचलून इकडे चालत नाही.

आम्ही सांगतो, दोन एफची दारू घ्या (एफ जितके जास्त तितका दाणा बारीक) आणि साठ ग्रेनपासून सुरुवात करा. पन्नास यार्डांवर कागद लावा. पाच गोळ्या झाडा, प्रत्येक बार उडाल्यावर नळी पुसा. मग पाच-पाच ग्रेन वाढवा, बंदूक बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेच्या आतच. भोकं जवळजवळ येत जातात आणि पुढे एका मापानंतर पुन्हा विखुरतात. जिथे सगळ्यांत जवळ होती तो तुमचा बार. आमच्या बंदुकीचा पंचाहत्तरवर बसला. शेजाऱ्याची तशीच बंदूक आहे, तिचा ऐंशीवर.

आणि चकत्या उचला! बार उडाला की दहाबारा पावलांवर कापडाची चकती पडलेली असते. गादीपाटाचं कापड, मेण आणि तेल लावलेलं. मधोमध जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे किंवा वंगण कमी. गोल कापली गेली असेल तर नळीच्या तोंडाशी धार राहिलीय. फक्त काळवंडून कडेला दशा सुटलेली चकती दिसली की मला खरंच आनंद होतो. लोक त्या पाकिटात घालून आम्हाला पाठवतात. मी प्रत्येकाला उत्तर लिहिते.

दारू वाढवून पल्ला वाढत नाही. गोल गोळीचा वेग शंभर यार्डांवर जाईतो निम्म्याच्या आसपास येतो. जखमी होऊन पळालेलं हरीण बर्फात कुठेतरी रात्रभर तडफडतं. म्हणून साठसत्तर यार्डांच्या आत या, फुप्फुसांवर नेम धरा, नाहीतर बंदूक खाली करा, हे मी परक्या माणसालाही ठणकावून सांगते.

2021 च्या सप्टेंबरात लुइझियानातल्या मिंडनचा, काळी दारू बनवणाऱ्या गोएक्सचा कारखाना बंद होणार अशी बातमी आली. काळी दारू दिसेनाशी झाली. पर्यायी दारू मिळत होती, पण ती पेटायला जास्त आच लागते, चकमकीच्या ठिणगीवर तिचा भरवसा नाही. रंजकालाही, म्हणजे ठिणगी झेलणाऱ्या चिमूटभर दारूलाही, काळीच हवी, चार एफची. 2022 मध्ये एस्टेस कंपनीने कारखाना घेतला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तोवर आम्ही फक्त गोळ्या आणि चकत्या विकत होतो. काळी दारू विकायला स्फोटकांचं केंद्र सरकारचं लायसन्स लागतं, वेगळी कुलूपबंद कोठी लागते, डब्याडब्याचा हिशेब ठेवावा लागतो. पुढच्या टंचाईत आपल्या माणसांना रिकाम्या हाताने पाठवायचं नाही म्हणून आम्ही ते सगळं केलं.

यंदा .54 चा साचा घेतलाय. ही गोळी 224 ग्रेनची, तोळ्याच्या सव्वापट. पहिल्या दोनशे गोळ्या काल रात्री तोलल्या, एकोणीस परत कढईत गेल्या.