खांबाचा केसपेपर

सांगायचंय ते रस्त्यावरच्या बंद दिव्यांबद्दल, पण मागच्या वर्षी आमच्या ग्रुपने एक फ्लॅशमॉब (म्हणजे चौकात अचानक सुरू होणारा सामूहिक नाच) केला होता, आधी त्याची गोष्ट सांगते कारण त्यात आम्ही सपशेल आपटलो. विषय होता झेब्रा क्रॉसिंग. पंधरा जण, तीन आठवडे रोज संध्याकाळी प्रॅक्टिस, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे टीशर्ट, उसना आणलेला स्पीकर, आणि ऐन गर्दीच्या वेळी चौकात जाऊन सहा मिनिटं नाचलो. लोक थांबले, मोबाईल वर गेले, टाळ्या पडल्या, व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरला, आम्ही जाम खूश. मग बॅनर गुंडाळत होतो तेवढ्यात एक काका आले आणि अगदी मनापासून म्हणाले, "छान होतं हो, कशाची जाहिरात होती?"

झालं.

बॅनरवर तर मोठ्ठ्या अक्षरात 'जागरूक नागरिक बना' लिहिलेलं होतं. पण काकांचं काय चुकलं सांगा, आम्ही त्यांना थांबवलं, बघायला लावलं, आणि बघून झाल्यावर त्यांनी नेमकं काय करायचं हे आमचं आम्हालाच ठरवता आलं नव्हतं. 'जागरूक बना' म्हणजे काय करा? उद्या सकाळी उठून कुठे जा? दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्या चौकात जाऊन उभी राहिले, गाड्या नेहमीसारख्या पट्ट्यांच्या डोक्यावर चढून उभ्या होत्या.

मग जरा वाचायला घेतलं (हे आधी करायला हवं होतं, माहितीये). तेव्हा कळलं की आमच्याच विषयावर कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९९५ च्या सुमारास केवढं काम झालंय. अंतानास मोकुस नावाचे प्राध्यापक तिथे महापौर झाले होते, गणित-तत्त्वज्ञानवाले, राजकारणाचा अनुभव शून्य. त्यांनी रस्त्यावर मूकनाट्य करणारे कलाकार उतरवले. आधी २० जण, नंतर आणखी ४०० जणांना शिकवलं. कुणी सिग्नल तोडून रस्ता ओलांडला की हा चेहरा रंगवलेला माणूस त्याच्या मागे मागे त्याचीच नक्कल करत चालायचा, बेफाम गाडी चालवणाऱ्यांचीही तशीच थट्टा करायचा. दंड नाही, शिट्टी नाही, एक शब्दही नाही. आणि आजूबाजूचे लोक हसायचे.

पण मला त्याहून आवडली ती कार्डं. शहराने ३,५०,००० कार्डं छापून लोकांना वाटली, एका बाजूला अंगठा वर आणि एका बाजूला अंगठा खाली. कुणी नीट गाडी चालवली तर वरचा अंगठा दाखवायचा, आडमुठेपणा केला तर खालचा. बघा हां, मूकनाट्यात लोक बघे होते, पण कार्ड हातात आल्यावर तोच माणूस आता स्वतः काहीतरी करतोय, अनोळखी माणसाशी शहराच्या शिस्तीबद्दल बोलतोय, तेही भांडण न करता. आमच्या फ्लॅशमॉबमध्ये नेमकं हे कार्डच नव्हतं. (त्या काळात बोगोटातले अपघाती मृत्यू निम्म्याहून कमी झाले असं सांगतात, आता ते सगळं श्रेय मूकनाट्याला द्यायचा भोळेपणा मी करणार नाही, इतरही पुष्कळ गोष्टी चालू होत्या.) याच मोकुसनी पुढे दुसऱ्या कारकिर्दीत लोकांना सांगितलं की ज्याला जमेल त्याने आपल्या मर्जीने १० टक्के जास्त कर भरा, आणि ६३,००० लोकांनी भरला! मला हे वाचून आधी खोटंच वाटलं होतं.

ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल हेच, म्हणजे बघ्यांना करते बनवणं, नाटकातून करत होते. त्यांच्या फोरम थिएटरमध्ये एक अन्यायाचा प्रसंग दाखवतात, शेवट वाईट होतो, मग तोच प्रसंग पुन्हा सुरू करतात आणि प्रेक्षकांपैकी कुणीही मध्येच "थांबा" म्हणू शकतो, स्टेजवर येऊन त्या पात्राची जागा घेऊ शकतो आणि मी असतो तर काय केलं असतं ते करून दाखवतो. पुढे बोआल स्वतः रिओ द जानेरोच्या नगरपरिषदेत निवडून गेले, १९९३ ते १९९६, आणि अशा प्रयोगांतून लोकांनी सुचवलेल्या गोष्टींचे १३ कायदे झाले. नाटकातून कायदा! आपल्याकडे नाटकातून फार तर चहापाण्यापर्यंतचा प्रवास होतो असं आमच्या ग्रुपमधला एक जण म्हणाला, तो नेहमी असंच बोलतो.

तर दुसऱ्या उपक्रमाच्या वेळी आम्ही ठरवलं की आधी काय करून घ्यायचंय ते एका वाक्यात लिहायचं, आणि ते वाक्य क्रियापदाने संपलं पाहिजे, असं क्रियापद की जे माणूस दोन मिनिटांत उभ्या उभ्या करू शकेल. 'जनजागृती करणे' वर पूर्ण बंदी. यावर तीन मीटिंगा गेल्या. शेवटी वाक्य आलं ते असं: 'बंद दिव्याची तक्रार नोंदवून तिचा नंबर खांबावर लिहा.'

कारण आमच्या जवळच्या एका रस्त्यावर २६ खांब होते, त्यातले ११ बंद. सगळ्यांना माहीत, सगळे मोबाईलचा टॉर्च लावून चालत होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की कुणीतरी तक्रार केलीच असेल. आम्ही संबंधित ऑफिसात जाऊन विचारलं तर ११ पैकी फक्त २ खांबांची नोंद होती. म्हणजे तिथला माणूस तसा खोटं बोलत नव्हता, त्याच्या कागदावर रस्ता जवळपास ठणठणीत होता.

मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की खांब आजारी आहे, त्याला केसपेपर काढू. आणि ते सगळ्यांना इतकं पटलं की पुढची चर्चाच झाली नाही. प्रत्येक बंद खांबाला एक पुठ्ठा सुतळीने बांधला, वर लिहिलं, पेशंट: खांब क्रमांक ७. तक्रार: रात्री दिसत नाही. कधीपासून: मोकळी जागा. घरच्यांनी कळवलं का: मोकळी जागा. तक्रार नंबर: मोकळी जागा. खाली तक्रारीचा फोन नंबर मोठ्या अक्षरात. बस.

सुतळी मुद्दाम. चिकटवायचं नाही, रंगवायचं नाही, कारण सरकारी मालमत्तेवर काही चिकटवणं बऱ्याच ठिकाणी गुन्हा असतो आणि आपणच नियम मोडून नागरिकत्व शिकवायला जाणं जरा अवघडच. परवानगी मागितली, तर 'अर्ज द्या' म्हणाले, दिला, उत्तर आलं नाही, आम्ही अर्जाच्या पोचपावतीची झेरॉक्स खिशात ठेवून बांधायला गेलो. हे बरोबर की चूक यावर आमच्यात अजून वाद आहे.

पहिला आठवडा पूर्ण फुसका गेला. का, तर पेनं! प्रत्येक पुठ्ठ्याला दोरीने पेन बांधलं होतं आणि तिसऱ्या दिवसापर्यंत ११ पैकी ९ पेनं गायब. मग पेन्सिलींचे तुकडे बांधले, ते कुणी नेत नाही. दुसरं म्हणजे पुठ्ठे आम्ही आमच्या उंचीला बांधले होते, त्यामुळे मुलांचा आणि वाकून चालणाऱ्या आजी-आजोबांचा हात पोचत नव्हता, आणि नंतर कळलं की सगळ्यात जास्त लिहिणारे तेच होते. खाली बांधल्यावर दोन दिवसांत खांब ७ वर 'दिवाळीच्याही आधीपासून', त्याखाली वेगळ्या अक्षरात 'नाही, पावसाळ्यापासून', आणि त्याखाली पेन्सिलीने वेडंवाकडं 'मला इथे भीती वाटते'. हे तिसरं वाक्य आम्हा पंधरा जणांना तीन आठवड्यांच्या नाचातून सांगता आलं नसतं.

फोन करायला मात्र लोक बिचकत होते. पुठ्ठ्यावर लिहिणं सोपं, फोनवर साहेबाशी बोलायचं म्हणजे नाव विचारतील, पत्ता विचारतील, उगाच आपलं नाव पुढे. मग आम्ही दोन संध्याकाळी खांबाखाली एक खुर्ची टाकून 'ओपीडी' चालू केली. गळ्यात खोटा स्टेथोस्कोप, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायचं, या खांबाचे नातेवाईक का तुम्ही? लोक हसतात, थांबतात, आणि मग शेजारी बसून त्यांच्याच मोबाईलवरून त्यांच्याच तोंडून तक्रार करून घ्यायची. आपण करून द्यायची नाही, हा नियम फार महत्त्वाचा होता आणि पाळायला फार कठीण, कारण आपण केली की तीस सेकंदांत होते आणि त्यांनी केली की सात मिनिटं. एक बाई फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "एवढंच असतं होय?" मला तेव्हा झालेला आनंद काही सांगता येत नाही.

विनोद कुणावर करायचा यावरही आम्ही बरेच भांडलो. एकाचं म्हणणं होतं की इंजिनिअरचा पुतळा करून त्याला चष्मा लावू. रशियातल्या येकातेरिनबुर्गमध्ये २०१२ साली असं केलं होतंच, रस्त्यातल्या तीन खड्ड्यांभोवती रातोरात गव्हर्नर, महापौर आणि उपमहापौर यांचे चेहरे रंगवले, खड्डा म्हणजे त्यांचं उघडं तोंड. सकाळी कामगार आले आणि चेहऱ्यांवर रंग मारून गेले, खड्डा तसाच! ते पण चित्रित करून ठेवलेलं होतं, मग मात्र खड्डे बुजले. जबरदस्त आयडिया आहे, पण तिथे चेहरे मोठ्या साहेबांचे होते हे विसरायला नको. आमच्याकडे शिडी घेऊन खांबावर चढणारा माणूस कंत्राटी, त्याच्याकडे बल्बचा स्टॉकच नाही, त्याची थट्टा करून काय मिळणार होतं? शेवटी आमच्या केसपेपरवर थट्टा खांबाची आणि थोडी आमची स्वतःची, 'घरच्यांनी कळवलं का' म्हणजे घरचे आम्हीच की.

एक शिडी असते, शेरी अर्नस्टाइन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९६९ मध्ये मांडलेली, लोकसहभागाच्या आठ पायऱ्या. सगळ्यात खाली लोकांना नुसतं खेळवणं, मध्ये कुठेतरी माहिती देणं, मत विचारणं, आणि सगळ्यात वर निर्णय लोकांच्याच हातात. ती मुळात सरकारी योजनांबद्दल आहे पण मी आम्हालाच लावून बघितली. फ्लॅशमॉब जेमतेम तिसऱ्या पायरीवर, माहिती देणं, आणि तीही नीट दिली नव्हती. ओपीडी? चढून चौथ्या-पाचव्यावर असेल. कारण दिवा कुठे लागणार, कुठला आधी, पैसे कशावर, हे ठरवताना आम्हाला कुणी बोलावलं नाहीये अजून.

आणि गमतीजमतीच्या मागे जे कंटाळवाणं काम असतं त्याचे फोटो कुणी काढत नाही. एस्टोनियात ३ मे २००८ ला ५०,००० लोकांनी एका दिवसात, पाच तासांत, १०,००० टन बेकायदा कचरा उचलला, देशाची लोकसंख्या तेरा लाखांच्या आसपास. सगळे त्या दिवसाबद्दल बोलतात, पण त्याआधी कित्येक महिने स्वयंसेवक जंगलात फिरून एकेक कचऱ्याचा ढीग नकाशावर नोंदवत होते, दहा हजारांच्या वर ढीग, म्हणून त्या दिवशी ५०,००० लोकांना नेमकं कुठे जायचं ते माहीत होतं. आमचा नकाशा म्हणजे एक वही आणि २६ ओळी. ती वही सांभाळणारी मैत्रीण कधीच स्टेथोस्कोप घालायला आली नाही, तिला असलं सगळं लाजिरवाणं वाटतं, पण दर सोमवारी फोन करून "खांब १९ चा नंबर नाही आलाय" असं तीच ओरडते. तिच्याशिवाय हे पुठ्ठे पावसात भिजून गेले असते आणि आम्ही पुढच्या आयडियावर उडी मारली असती. आयडियावाले लोक भरपूर मिळतात हो, सोमवारवाले मिळत नाहीत.

दोन महिन्यांत ११ पैकी ८ दिवे लागले. लागला की केसपेपरवर 'डिस्चार्ज' लिहून पुठ्ठा काढायचा, हे काम मुलांनी परस्पर घेतलं, आम्ही सांगितलं नव्हतं. खांब १२ दोनदा लागला आणि दोनदा गेला. त्याच्याखाली केबलचाच घोळ आहे म्हणतात, तो एवढ्यात काही सुटणार नाही. खांब १९ ला खांब म्हणावं की नाही इथून सुरुवात आहे, तो कुठल्याच यादीत नाही.

मधे परीक्षा, लग्नं, आजारपणं यात आमचा ग्रुप जवळजवळ थंडावला, मीटिंगला चार जण. मीही दीड महिना त्या रस्त्याला गेले नव्हते. परवा रात्री सहज गेले तर आमच्या रस्त्याला लागून जी आडवी गल्ली आहे ना, जिथे आम्ही काहीच केलं नव्हतं, तिथल्या एका खांबाला कुणीतरी बुटाच्या खोक्याचं झाकण बांधलं होतं. सुतळी नव्हती, पायजम्याची नाडी होती. वर स्केचपेनने लिहिलेलं, पेशंट: नवीन. तक्रार: डोळे मिचकावतो. आणि खाली व्यवस्थित, दोनदा गिरवलेला तक्रार नंबर.