सातबारा नसलेली माती

नागपुरात मानेवाड्याकडे आमच्या घराला लागून असलेला पंधराशे फुटांचा प्लॉट घेतला, तेव्हा तिथे काय लावायचं हे सासूबाईंनी आधीच ठरवून ठेवलं होतं. भाजी कोणतीही लावा, पण संत्र्याचं एक झाड पाहिजे. त्यांचं माहेर काटोलकडचं. वडिलांची संत्र्याची बाग होती, ती पुढे पाण्यावाचून तोडावी लागली. आज सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, आणि संत्र्याला धड फळ धरायला पाच वर्षं लागतात. त्यामुळे आमच्या घरी एक हंगाम हातचा जाणं ही लहान गोष्ट नव्हती. तो माती तपासणीच्या एका कागदापायी जवळजवळ गेलाच होता, त्याचंच मला लिहायचं आहे.

बाकी कामं भराभर झाली. तारेचं कुंपण, बोअरवरून पाइप, भाजीचे चार वाफे, सगळं पंधरा दिवसांत.

माती तपासून घ्या, असं प्रत्येकाने सांगितलं आणि ते बरोबरच आहे. संत्रा मातीच्या बाबतीत फार नाजूक. मातीत मुक्त चुना दहा टक्क्यांच्या वर असेल तर तिथे संत्रा लावू नये असं जाणकार सांगतात. चुन्यामुळे मातीतलं लोह मुळांना घेता येत नाही. मग नवी पालवी पिवळी पडते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि झाड वर्षानुवर्षं झुरत राहतं. आमच्या भागातल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे निघणं काही नवं नाही. ज्या शहरात अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, देशाच्या मृदा सर्वेक्षणाचं मुख्यालयही आहे, त्या शहरात अर्धा किलो माती तपासून घेणं किती अवघड असणार, असं मला वाटलं. मी त्या दोन्ही ठिकाणी गेले नव्हते. मला सोयीची पडणारी दुसरीच एक प्रयोगशाळा होती, तिचं नाव लिहीत नाही.

नमुना मी नियमाने घेतला. पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घमेल्यात, सगळी एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, पुन्हा चार भाग, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवली, कापडी पिशवीत भरली, चिठ्ठी टाकली. मार्चचा दुसरा आठवडा होता.

खिडकीवरच्या मुलाने अर्ज पाहिला आणि विचारलं, "ताई, गट नंबर?"

"गट नंबर नाही, लेआउटमधला प्लॉट आहे."

"मग सातबारा आणा."

"सातबारा नाही भाऊ, शहरातल्या प्लॉटची आखीव पत्रिका आहे."

"मग हे शेत नाही ना."

"नाही. घरची बाग आहे."

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. अर्जात शेतकऱ्याचं नाव, गाव, गट क्रमांक, क्षेत्र हेक्टरमध्ये, बागायत की कोरडवाहू, सगळे रकाने होते. घराशेजारी भाजी लावणाऱ्या माणसाला बसता येईल असा एकही नव्हता. मी माती घेऊन परत आले. दुसऱ्या खेपेला आखीव पत्रिका आणि मालमत्ता कराची पावती घेऊन गेले, तर साहेब दौऱ्यावर. तिसऱ्या खेपेला साहेब भेटले, चांगले बोलले, आणि म्हणाले साध्या कागदावर अर्ज लिहून द्या. कोणाला उपयोगी पडेल म्हणून सांगते: "निवासी भूखंड, परसबागेसाठी माती परीक्षण" एवढं स्पष्ट लिहायचं, आखीव पत्रिकेची झेरॉक्स लावायची, आणि गट क्रमांकाच्या जागी प्लॉट क्रमांक टाकून तिथे त्यांचीच सही घ्यायची. हे पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर माझ्या दोन खेपा आणि दोन रजा वाचल्या असत्या.

पीक या रकान्यात मी संत्रा लिहिलं. चुन्याचं प्रमाण हवंच आहे, असं तोंडी सांगितलं. "सगळं येते त्यात," असं उत्तर मिळालं. पंधरा दिवसांत या म्हणाले.

पंधरा दिवसांनी यंत्र बंद होतं. एप्रिलच्या शेवटी यंत्र सुरू झालं होतं, पण शेतकऱ्यांचे नमुने आधी. ते मला मान्य होतं, खरिपाच्या तोंडावर त्यांचा हक्क पहिला. मे महिन्यात फोन केला की "नंबर लागून राहिला" एवढंच. आणि मे हाच तर खड्ड्यांचा महिना. फळझाडाचा खड्डा उन्हाळ्यात खोदून उघडा तापू द्यायचा असतो, म्हणजे मातीतली बुरशी आणि किडींची अंडी मरतात. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की कलम लावायचं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला, गच्चीवर पाय ठेववेना, सकाळी सातलाच ऊन अंगावर यायचं, आणि मला माहीत नव्हतं की संत्र्याचा खड्डा या प्लॉटवर कुठे खोदावा, की खोदूच नये. जूनमध्ये तर नमुनाच सापडत नाही म्हणाले. चार दिवसांनी सापडला. तिथे तिघांचं काम एक मुलगा करत होता हे मी डोळ्यांनी पाहिलं, त्याच्यावर माझा राग नाही. राग याचा आहे की कागद कधी येईल हे एकदाही कोणी खरं सांगितलं नाही. "दोन महिने लागतील" असं मार्चमध्ये म्हणाले असते तर मी दुसरीकडे गेले असते.

सासूबाई रोज संध्याकाळी तुळशीजवळ दिवा लावून झाला की विचारायच्या, "आला का कागद?" जुलैत ओळखीच्या पन्हेरीवाल्याचा, म्हणजे रोपवाटिकावाल्याचा, फोन आला, वहिनी, चांगली कलमं उचलली जाऊन राहिली, ठेवू का? मी ठेवा म्हणाले आणि फोन ठेवल्यावर मला रडू आलं.

(इथेच सांगून टाकते, विसरेन. पन्हेरी घेताना खुंट, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात ते, कोणता ते विचारा. आमच्याकडे जंबेरी लिंबाच्या खुंटावरचं कलम सगळीकडे मिळतं. चुनखडीची शंका असेल तर रंगपूर लाईमच्या खुंटावरचं कलम मागा, ते चुना जास्त सोसतं. आणि कलमाचा डोळा जमिनीपासून निदान वीतभर उंच भरलेला पाहिजे. खाली भरलेली कलमं स्वस्तात मिळतात, घेऊ नका.)

पोळ्याला माझ्या बहिणीचा मुलगा आला. अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकतो. तान्हा पोळ्याच्या दिवशी गल्लीतली पोरं लाकडी बैल सजवत होती, आणि हा म्हणाला, "मावशी, कागद येईल तेव्हा येईल, आपण खड्डा तर काढू." चार फूट खोल खड्डा काढला आणि त्याची एक भिंत कुदळीने सपाट केली. मातीचे तीन थर उभे दिसले. वरचा सव्वा फूट भुरकट, त्यात विटांचे तुकडे, प्लास्टरचे पापुद्रे, एक फुटकी टाइल. त्याखाली अडीच फूट काळी, ओलसर माती. तळाशी मुरूम. त्याने बाटलीतून पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल आणलं होतं, हातमोजे घालून प्रत्येक थरावर थेंब टाकला. वरच्या थरावर सोडा उघडल्यासारखा फेस आला. काळ्या मातीवर कान लावून ऐकावी लागेल इतकीच चुरचुर. घरी आम्ल आणण्याच्या भानगडीत पडू नका, पांढरं व्हिनेगर टाकलं तरी भरपूर चुना असेल तर बुडबुडे दिसतात.

मग लक्षात आलं. लेआउट पाडताना सखल प्लॉटवर मलबा टाकून भरण केलं होतं. मी वीतभर खोलीचा नमुना घेतला, तो सगळा त्या भरणातून. सहा महिने मी ज्या मातीच्या निकालाची वाट पाहत होते ती आमची माती नव्हतीच, कुठल्यातरी पाडलेल्या घराची होती. भाजीसाठी वीतभर खोलीचा नमुना चालतो. फळझाडासाठी एक, दोन आणि तीन फुटांचे वेगवेगळे नमुने, वेगवेगळ्या पिशव्यांत द्यायचे असतात. हे अर्जाच्या मागे छापलेलं असतं तर!

नऊ दिवसांनी कागद आला. सामू (pH) ८.४, सेंद्रिय कर्ब ०.३६ टक्के, म्हणजे कमी. जस्त ०.४२, तेही कमी. चुन्याचा रकानाच नव्हता. मग शोधल्यावर कळलं की २०१५ पासून सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी तपासतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. मुक्त चुना त्या बारांत नाही. तो वेगळा मागावा लागतो, आणि लेखी मागावा लागतो. खाली खताची शिफारस होती, ती कापसाची, किलो प्रति हेक्टर. संगणकात संत्रा भरताना कोणी कापूस निवडला असावा.

तुमच्याही हातात असा हेक्टरचा आकडा आला तर पंधराशे फुटांसाठी त्याला ७२ ने भागा. हेक्टरी १०० किलो म्हणजे आपल्याला साधारण १ किलो ४०० ग्रॅम. हा हिशोब न करता अंदाजाने युरिया टाकणारे शेजारी मी पाहिले आहेत, त्यांची वांगी नुसती पानावर गेली.

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, पाऊस असतानाच, संत्रा लावला. सहा बाय सहा फुटांतलं भरण पूर्ण काढून फेकलं, खाली काळ्या मातीत अडीच फुटांचा खड्डा केला, दोन घमेली कुजलेलं शेणखत, सिंगल सुपर फॉस्फेट आणि ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळून तीच काळी माती परत भरली. आजूबाजूपेक्षा थोडा उंच ओटा ठेवला, कारण काळ्या मातीत पाणी थांबलं की संत्र्याला डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, लागतो. दुहेरी आळं केलं: बुंध्याभोवतीचं आतलं आळं कोरडं, पाणी फक्त बाहेरच्या आळ्यात. बुंध्याला बोर्डो मलम लावलं, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी या प्रमाणात, आम्ही अर्थात त्याच्या दहाव्या हिश्शाएवढंच केलं. प्लास्टिकच्या बादलीत करा, लोखंडाच्या नाही.

भरण जिथे काढणं शक्य नव्हतं तिथे डाळिंब, सीताफळ आणि शेवगा लावला. ही झाडं चुन्याला फार जुमानत नाहीत. तिन्ही छान आहेत. पपई उंच गादीवर. भाजीचे वाफे जमिनीच्या वर फूटभर बांधून बाहेरची माती आणि शेणखत भरलं. तिथे लवकी, ढेमसं, चवळी, वांगी भरपूर निघाली. सांभार (कोथिंबीर) मात्र मार्चनंतर इथे टिकत नाही, लगेच फुलावर येतो, त्यावर मेहनत करू नका. उन्हाळ्यात चिवळ ही पालेभाजी टाका. ती आमच्या उन्हातच वाढते, आणि सासूबाईंच्या मते ज्वारीच्या भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

पहिल्या उन्हाळ्याची मला धास्ती होती. संत्र्याला पश्चिमेकडून आणि दक्षिणेकडून हिरवी जाळी बांधली, बाहेरच्या आळ्यात चार बोटं जाड तुरीचं कुटार (भुसा) पसरलं, पाणी एक दिवसाआड, संध्याकाळी उशिरा. कुटार बुंध्यापासून हातभर दूर ठेवा, नाहीतर वाळवी येते. आमच्याकडे आली होती, वेळेवर दिसली.

यंदा फेब्रुवारीत मी पुन्हा नमुने दिले, दुसऱ्या ठिकाणी. तीन थरांच्या तीन पिशव्या, आखीव पत्रिका सोबत, आणि अर्जावर लाल शाईत "मुक्त चुना तपासावा". तो कागद अजून आलेला नाही. संत्र्याला मृगाच्या पावसानंतर अकरा नवे शेंडे फुटले आहेत, सासूबाईंनी मोजले. पानं शिरांसकट हिरवी आहेत.